पाण्यातली म्हैस आणि रस्त्यावरची मोटार



आमच्या आजोबांचा एक नियम होता. बैल घ्यायला गेले की बाजाराची पहिली फेरी ते नुसती बघण्यात घालवीत, दुसऱ्या फेरीत किंमत विचारीत आणि तिसऱ्या फेरीत कुठे जनावराला हात लावीत. एकदा हात लावला म्हणजे मग मात्र काही सोडायचे नाहीत. जबडा उघडून दात मोजायचे. दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला आहे, हे तिथेच कळे. वशिंडावरून हात फिरवायचा, खूर उचलून बघायचे, डोळ्यांपुढे टॉवेल हलवायचा, दहा पावले चालवायचे, खाली बसवून उठवायचे. मग हेड्याबरोबर उपरण्याखाली बोटांनी भाव व्हायचा. आणि भाव ठरला, की आजोबा उपरणे झटकून मोठ्या आवाजात, चार माणसांना ऐकू जाईल असे विचारायचे, "खोड काय असंल ती आत्ताच सांग. मारतो का? औताला बसतो का?" समोरचा म्हणे, "नाही." त्या 'नाही'ला चार साक्षीदार असत. तेव्हा कुठे विसार हातावर पडे.

लहानपणी मला वाटे, म्हातारा माणूस आहे, संशयी स्वभाव आहे. पुढे इतिहास शिकवायला लागलो, तेव्हा ध्यानात आले की आजोबांच्या त्या एका प्रश्नामागे दोन हजार वर्षांचा न्याय उभा होता.

आज हा विषय घेण्याचे कारण मात्र बैल नाही, मोटार आहे. माझा एक चुलतभाऊ अंबड तालुक्यात मोसंबी पिकवतो. मोसंबी वाहायला स्वतःचे वाहन असावे म्हणून मागे त्याने एक जुनी पिकअप गाडी घेतली. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून घेतली. मीटरवर आकडा होता ६८ हजार किलोमीटर. रंग नवा, टायर काळेभोर. व्यापारी म्हणाला, "एकाच मालकाची गाडी आहे दादा, डोळे झाकून न्या." भावाने खरोखरच डोळे झाकले. दोन हंगामांची शिल्लक दिली, एका छापील कागदावर सही केली आणि गाडी घरी आणली. सतराव्या दिवशी, भरलेल्या मालासकट, घाट चढताना इंजिनाने मान टाकली. व्यापाऱ्याकडे गेला तर तो म्हणाला, "जुनी गाडी आहे. तुम्ही बघून घेतली. आता माझा काय संबंध?"

श्रोतेहो, हा जो प्रश्न आहे, 'आता माझा काय संबंध', याचे उत्तर माणसाने निरनिराळ्या काळांत कसकसे दिले, तेच आपण आज थोडक्यात पाहणार आहोत. विकलेल्या वस्तूत दोष लपलेला असेल, तर तो दोष कोणाचा? घेणाऱ्याचा की विकणाऱ्याचा?

आपल्याकडची उत्तरे फार जुनी आहेत. याज्ञवल्क्यस्मृती हा ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतला. त्यात विकत घेतलेली वस्तू पारखून पाहण्यासाठी घेणाऱ्याला किती मुदत असावी, याची यादीच दिलेली आहे. बियाण्याला दहा दिवस. लोखंडाला एक दिवस. ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच दिवस. रत्नाला सात दिवस. दुभत्या जनावराला तीन दिवस. जालन्याच्या माणसाला ही यादी ऐकून नवल वाटेल. आपला जिल्हा आज कशासाठी ओळखला जातो? बियाण्यांसाठी आणि लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांसाठी. आणि त्याच्या जोडीला ओझे वाहणारे वाहन. आपल्या बाजारातल्या तिन्ही वस्तू त्या यादीत आहेत! मुदती वेगवेगळ्या का, याचा विचार केला तर त्यातले व्यवहारज्ञान कळते. लोखंड ठोकून पाहिले की त्याच दिवशी समजते. गाय दूध देते की नाही, हे तीन दिवसांत कळते. बैलाला जुंपून पाहावे लागते. बी उगवायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे दोष उघडा पडायला जितका वेळ लागतो, तितका वेळ घेणाऱ्याला दिला पाहिजे, असे हे साधे तत्त्व आहे.

त्या यादीत दास-दासींचाही समावेश आहे, हेही सांगितले पाहिजे. माणसेसुद्धा विकली जात, आणि त्यांच्याही पारखण्याची मुदत ठरलेली होती. जुन्या ग्रंथांतले शहाणपण घ्यावे, पण त्या काळाचा अन्याय झाकून ठेवू नये. इतिहासाच्या शिक्षकाला एवढे पथ्य पाळावेच लागते.

या याज्ञवल्क्यस्मृतीवरची सर्वांत प्रसिद्ध टीका म्हणजे 'मिताक्षरा'. ती विज्ञानेश्वराने लिहिली, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणी राजधानीत, अकराव्या-बाराव्या शतकांच्या सुमारास. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. आपल्या मराठवाड्याच्या सीमेला लागूनच आहे. म्हणजे हा न्यायविचार कुठे दूर देशीचा नव्हे, आपल्या शेजारघरचा आहे.

कौटिल्याचे अर्थशास्त्र त्याहून जुने मानतात. ते शतकानुशतके हरवल्यासारखे होते. म्हैसूरच्या शामशास्त्रींनी १९०९ साली ते छापून प्रसिद्ध केले. त्यात व्यवहार फिरवण्याची मुदत माणसाच्या धंद्यावर ठरवलेली आहे. व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन रात्री, गुराख्याला पाच रात्री. व्यापारी रोज खरेदी-विक्री करतो, त्याची नजर तयार असते. शेतकरी वर्षातून एखाद्या वेळी बाजारात येतो, म्हणून त्याला सवड जास्त. ज्याला माहिती कमी, त्याला संरक्षण अधिक, हे तत्त्व तिथे दिसते. आणि जनावराबद्दल तर कौटिल्य आणखी स्पष्ट आहे. रोगी जनावर निरोगी म्हणून सांगितले, तर विकणाऱ्याला बारा पण दंड. शिवाय चौपायी जनावर तीन पंधरवड्यांपर्यंत, म्हणजे जवळजवळ पंचेचाळीस दिवसांपर्यंत, परत करता येते. कारण तेवढ्या काळात त्याचे खरे रूप समजते.

आता तुम्ही विचाराल, की हे नव्या मालाचे झाले, वापरलेल्या वस्तूचे काय? नारदस्मृतीने त्याचाही विचार केलेला आहे. वापरून जुने झालेले, मळलेले वस्त्र कुणी घेतले, तर पुढे 'हे सदोष आहे' म्हणून परत करता येणार नाही, असे नारद म्हणतो. जुनेपणा उघड दिसत होता, बघून घेतले, मग तक्रार कसली? पण तोच नारद दुसरीकडे सांगतो, की चांगली वस्तू दाखवून जो सदोष वस्तू गळ्यात मारतो, त्याने दुप्पट किंमत भरावी आणि तितकाच दंड द्यावा.

श्रोतेहो, ही दोन वाक्ये मनात शेजारी शेजारी ठेवा. दिसणारा जुनेपणा घेणाऱ्याचा. लपवलेला दोष विकणाऱ्याचा. पुढचा सगळा इतिहास या दोन वाक्यांभोवतीच फिरतो.

'पाण्यात म्हैस आणि वर मोल' ही म्हण आपण सगळे वापरतो. म्हैस पाण्यात बसलेली आहे, तिचे पाय दिसत नाहीत, कास दिसत नाही, आणि काठावर किंमत ठरते आहे. असा सौदा मूर्खपणाचा, असे लोकांनी ठरवून टाकले. पण गावच्या बाजारात या मूर्खपणाला एक कुंपणही होते. विकणारा कुठल्या गावचा, कुणाचा कोण, हे माहीत असे. आज फसवले तर पुढच्या आठवड्यात त्याच बाजारात तोंड दाखवायचे होते. सोयरे-धायरे मध्ये होते, पंच होते. म्हणून आजोबांच्या प्रश्नाला दिलेल्या 'नाही'ला किंमत होती. बाजाराचे कायदे कुणी वाचले नव्हते, पण बाजारात चार डोळे होते.

हे कुंपण मोडले ते बाजार मोठा झाला तेव्हा. विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी रेल्वे झाली आणि 'जालना सोन्याचा पालना' म्हणवणारी ही पेठ दूरदूरच्या बाजारांना जोडली गेली. माल कुठून आला आणि कुठे गेला, हे घेणाऱ्या-देणाऱ्याला कळेनासे झाले. जिथे ओळख संपते, तिथे कायद्याची गरज सुरू होते.

तो कायदा आपल्याकडे आला इंग्रजांकडून, आणि इंग्रजांचा विचार त्या वेळी आपल्या जुन्या विचाराच्या अगदी उलट होता. त्यांच्याकडे एक लॅटिन वचन प्रमाण मानीत, की घेणाऱ्याने सावध राहावे. १६०३ सालचा लंडनचा एक खटला प्रसिद्ध आहे. एका सोनाराने एक खडा शंभर पौंडांना विकला. विषावर गुणकारी मानला जाणारा, जनावराच्या पोटात सापडणारा तो दुर्मिळ खडा आहे, असे त्याने सांगितले. तो खोटा निघाला. कोर्ट म्हणाले, 'सोनाराने नुसते सांगितले, हमी कुठे दिली?' आणि घेणारा हरला! शंभर पौंड त्या काळी केवढी रक्कम, विचार करा.

अशा न्यायाची धार पुढे हळूहळू बोथट झाली. आपल्या देशात १८७२ साली करारांचा कायदा झाला. त्या कायद्यात एक घोड्याचे उदाहरण आहे, ते शिक्षक बंधूंनी वर्गात जरूर सांगावे. लिलावात एकाने घोडा विकला. घोडा रोगी आहे, हे त्याला ठाऊक होते, पण तो गप्प राहिला. ही फसवणूक नाही, असे कायदा म्हणतो. पण तेच जर घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हटले नाहीत, तर मी घोडा चांगला आहे असे धरून चालेन," आणि तरी विकणारा गप्प बसला, तर ते गप्प बसणे बोलण्यासारखेच धरले जाते. म्हणजे विचारले नाही तर मौन चालते, विचारले तर मौन चालत नाही! माझ्या आजोबांनी करारांचा कायदा पाहिलाही नव्हता. पण ते मोठ्याने का विचारीत, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

नंतर १९३० साली माल-विक्रीचा कायदा आला. त्याने विकणाऱ्यावर दोन न बोललेल्या अटी घातल्या. एक, घेणाऱ्याने 'मला अमुक कामासाठी वस्तू पाहिजे' असे सांगितले असेल, तो व्यापाऱ्याच्या जाणकारीवर विसंबला असेल आणि व्यापाऱ्याचा तोच धंदा असेल, तर ती वस्तू त्या कामाला बऱ्यापैकी योग्य असलीच पाहिजे. दोन, व्यापाऱ्याने वर्णन करून विकलेला माल बाजारात विकण्याजोगा असलाच पाहिजे. मात्र घेणाऱ्याने तपासून घेतला असेल, तर तपासणीत दिसायला हवा होता असा दोष पुढे काढता येत नाही. नारदाचे मळलेले वस्त्र इथे इंग्रजी वेशात परत आले म्हणा ना!

आपला भाग त्या वेळी निजामाच्या राज्यात होता, म्हणून हा कायदा आपल्याकडे लगेच आला नाही. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले आणि १९५१ साली हे कायदे आपल्याकडे लागू झाले. तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यात होते. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला.

आता मोटारीकडे येऊ. फार वर्षे आपल्याकडे मोटार हीच दुर्मिळ चीज होती. नवी गाडी नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती गाडी आली आणि चित्र पालटू लागले. घरोघर गाड्या आल्या, आणि नव्या गाड्या आल्या म्हणजे जुन्या गाड्यांचाही बाजार भरतोच.

जुन्या मोटारीच्या बाबतीत न्याय कसा करावा, याची दोन उदाहरणे विलायतेची आहेत. आपला १९३०चा कायदा त्यांच्याच कायद्यावरून घेतलेला असल्यामुळे ती आपल्यालाही उपयोगी आहेत. पहिला खटला १९६५चा. एकाने जुनी जग्वार मोटार घेतली. व्यापाऱ्याने सांगितले होते, की क्लचचे थोडे काम निघेल, ते तुम्ही करून घेणार असाल तर पंचवीस पौंड कमी घेतो. गिऱ्हाइकाने पंचवीस पौंड वाचवले. पुढे दुरुस्तीला चौऱ्याऐंशी पौंड लागले. तो कोर्टात गेला आणि हरला. लॉर्ड डेनिंग या नामांकित न्यायमूर्तींचे म्हणणे असे पडले, की जुनी गाडी सुरक्षितपणे चालण्याजोगी असली म्हणजे पुरे, काही ना काही काम तिचे निघणारच. आणि इथे तर दोष सांगितलेला होता. दुसरा खटला १९७५चा. ही गाडीही जुनी जग्वारच, ८२ हजार मैल चाललेली. पण हिचे इंजिन तीन आठवड्यांत, सुमारे २,३०० मैलांत, बंद पडले. इथे गिऱ्हाईक जिंकले. विकली त्या दिवशीच इंजिन अखेरच्या घटका मोजत होते, मग ती रस्त्यावर चालण्यास योग्य कशी म्हणायची, असा न्याय झाला. पुन्हा तेच पाहा. सांगितलेला दोष घेणाऱ्याचा. आत दडलेला दोष विकणाऱ्याचा.

याच विषयावर एका अर्थशास्त्रज्ञाने मोठा विचार मांडला. त्यांचे नाव जॉर्ज अकरलॉफ. १९७० साली त्यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्याआधी १९६७-६८मध्ये ते दिल्लीला राहून गेले होते, आणि त्या निबंधात भारतातल्या सावकारीचाही दाखला आहे. अमेरिकेत बिघडक्या मोटारीला 'लिंबू' म्हणतात. आपण नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतो, तिकडे गाडीलाच लिंबू म्हणतात! अकरलॉफ यांचे म्हणणे असे. गाडी कशी आहे, हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा भीतभीत मधलीच किंमत देतो. त्या किमतीत चांगल्या गाडीवाला विकायला तयार होत नाही, लिंबूवाला मात्र आनंदाने विकतो. असे होता होता बाजारात लिंबेच उरतात. याच विचारासाठी २००१ साली त्यांना इतर दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. यातला बोध असा, की फसवणुकीने एकट्या गिऱ्हाइकाचेच नुकसान होत नाही. प्रामाणिक व्यापारी आधी बुडतो, मग सगळा बाजार बुडतो.

मग यावर उपाय काय? कायदे होते, पण ते दिवाणी कोर्टात. तिथे वकील, मुद्रांक आणि वर्षे. दहा हजारांच्या दुरुस्तीसाठी दहा वर्षे कोण भांडणार? म्हणून गिऱ्हाइकांनीच एकत्र यायला सुरुवात केली. या कामी आपला महाराष्ट्र पुढे होता, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. १९६६ साली मुंबईत नऊ महिलांनी पुढाकार घेऊन ग्राहकांना मार्गदर्शन करणारी संस्था काढली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली, आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत आली. 'पंचायत' हा शब्दच पाहा. बाजारातले हरवलेले पंच लोकांनी पुन्हा उभे केले.

या चळवळीच्या रेट्यातून २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. पुढे २०१९चा नवा कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून लागू होऊ लागला. या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यांत ग्राहक आयोग दिले. जालन्यालाही तो आहे. अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या, याची जी यादी कायद्यात आहे, तिच्यात जुनी, डागडुजी केलेली किंवा पुन्हा बांधलेली वस्तू नवी म्हणून सांगणे, ही प्रथा स्पष्ट शब्दांत नमूद आहे.

याचे उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यात घडले. एका गृहस्थाने २०११ सालच्या मॉडेलच्या नव्या इंडिगो मोटारीचे पैसे भरले. हातात आली ती २००९ साली बनलेली आणि ६२२ किलोमीटर चाललेली गाडी. त्याने ग्राहक मंचाचा दरवाजा ठोठावला. प्रकरण जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा पायऱ्या चढत सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने गाडी बनवणाऱ्या टाटा मोटर्स कंपनीला जबाबदारीतून मोकळे केले, कारण विक्रेत्याने केलेली गोष्ट कंपनीला माहीत होती, असे सिद्ध झाले नव्हते. विक्रेत्याची जबाबदारी मात्र राहिली. यातून एक धडा घ्यावा. तक्रार करताना ज्याने पैसे घेतले आणि ज्याने शब्द दिला, त्याला आधी धरावे. मोठ्या नावामागे धावून खरा माणूस सुटू देऊ नये.

शेतकरी बांधवांच्या मनात एक शंका येईल. 'गाडी मी मालवाहतुकीसाठी घेतली, म्हणजे धंद्यासाठी घेतली. मग मी ग्राहक कसा?' धंद्यासाठी घेणारा ग्राहक नव्हे, हे खरे. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून चालवायला घेतलेली वस्तू त्यात येत नाही, असे कायदाच सांगतो. बियाण्याच्या बाबतीतही २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने शेतकरी हा ग्राहकच आहे, असा निर्वाळा दिला. सगळे बी पेरून टाकले, आता तपासायला कुठून आणणार, ही शेतकऱ्याची अडचणही त्या न्यायालयाने ओळखली. दहा दिवसांची मुदत देणाऱ्या याज्ञवल्क्याला हा निकाल पटला असता.

पण कायद्याची मर्यादाही सांगतो. शेजाऱ्याने स्वतःची वापरलेली गाडी तुम्हाला विकली, तर तो व्यापारी नव्हे. त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात सहसा जाता येत नाही, दिवाणी कोर्टाचीच वाट धरावी लागते. आणि विलायतेत २०१५च्या कायद्याने व्यापाऱ्याकडून घेतलेली सदोष गाडी, मग ती जुनी का असेना, तीस दिवसांत परत करण्याचा जसा सरळ हक्क दिला, तसा दिवस मोजून दिलेला हक्क आपल्या कायद्यात नाही. कौटिल्याने दिवस मोजून दिले होते. आपल्याला दोष सिद्ध करावा लागतो.

म्हणून चुलतभावाच्या गोष्टीकडे परत येतो. त्याने सही केलेल्या कागदावर 'गाडी जशी आहे तशी घेतली' असे छापलेले होते. तो हताश होऊन बसला. मी म्हटले, "दादा, जशी आहे तशी, हे ठीक. पण जशी आहे तशी सांगितली होती का?" गाडीचा कप्पा उपसला, तेव्हा जुन्या सर्व्हिसिंगची एक चिठ्ठी सापडली. तारीख दोन वर्षांपूर्वीची आणि त्यावर लिहिलेले किलोमीटर होते १ लाख ३१ हजार. मीटर मागे फिरवलेला होता! 'जशी आहे तशी' हा कागद जुनेपणा झाकतो, खोटेपणा झाकत नाही. मिस्त्रीकडून इंजिनाबद्दल लेखी मत घेतले, चिठ्ठीची नक्कल जोडली आणि रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. गाडी मोसंबीच्या ओझ्यासाठी पाहिजे, असे भावाने फोनवरच्या निरोपात लिहिलेले होते, तेही जोडले. आयोगात जाण्याची पाळी आली नाही. व्यापाऱ्याने इंजिनाचा खर्च दिला. हंगाम मात्र गेला, तो काही परत मिळाला नाही. आणि ती चिठ्ठी सापडली नसती तर? हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

तेव्हा श्रोतेहो, आजोबांच्या तीन फेऱ्या मोटारीलाही लावा. पहिल्या फेरीत कागद बघा. नोंदणीपुस्तक, विमा, कर्जाचा बोजा, पूर्वीच्या सर्व्हिसिंगच्या नोंदी. दुसऱ्या फेरीत आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन जा आणि गाडी चढावर, ओझ्यासकट चालवून बघा. तिसऱ्या फेरीत मोठ्याने विचारा, पण आता साक्षीदार माणसे नव्हेत, कागद आहे. किती किलोमीटर चालली, अपघात झाला का, इंजिन उघडले होते का, आणि मला ती कोणत्या कामासाठी पाहिजे, हे सारे पावतीवर लिहून घ्या. लिहून द्यायला जो कचरतो, त्याची म्हैस पाण्यात आहे असे समजा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन खात्याचे अधिकारपत्र लागते. ते आहे का, तेही विचारा. आणि नाव बदलायला आळस करू नका. कायद्याने विकणाऱ्याने १४ आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे लागते. कागदावर नाव राहिले, तर अपघाताची भरपाई जुन्या मालकाच्या गळ्यात पडते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलेले आहे.

एवढे करूनही फसलात, तर गप्प बसू नका. गाडी तशीच ठेवा, लेखी मत घ्या, नोटीस द्या. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. वस्तूची किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगातच जाता येते. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, वकील लावलाच पाहिजे असेही नाही. सल्ल्यासाठी १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना एक पावती लिहायला लावा. एकाने बैल विकावा, दुसऱ्याने घ्यावा, तिसऱ्याने साक्षीला राहावे. खोड असेल ती विचारावी आणि उत्तर लिहून घ्यावे. ज्या मुलाला भरवर्गात मोठ्याने प्रश्न विचारता आला, तो मोठेपणी बाजारात डोळे झाकून उभा राहणार नाही.

राजे बदलले, कायदे बदलले, बैलाची जागा मोटारीने घेतली. पण आजोबांचा प्रश्न तोच राहिला आहे. खोड काय असेल ती आत्ताच सांग. तो विचारण्याचा हक्क आपल्याला होता आणि आहे. तो वापरायचा की नाही, एवढेच आपल्या हाती आहे.